लेलोचा नेम

डिस्क गोल्फचं गणित सोपं आहे. चकती फेकत फेकत साखळ्यांच्या टोपलीत पाडायची; ज्याला कमीत कमी फेकी लागतील तो जिंकला. शाळेला देणगीत चकत्या दोनच मिळालेल्या, त्यामुळे टोपलीत पडली की चकती रांगेतल्या पुढच्याच्या हातात.

पोरांची प्रगती दिसली तर देणगीदार आणखी चकत्या देणार होते. आज ते खास तार्तूहून बघायला आले, आणि वर्गातली पक्की नेमबाज लेलो एकेक पाइनचं झाड बडवत सुटली.

उर्मास सर कळवळले, "अगं बये, परवा दोन फेकींत पाडली होतीस ना?"

"हो ना सर! अख्खा तास रांगेत उभी राहिले आणि दोन फेकींत पाळी संपली. त्या वेंधळ्या काउरने मात्र मनसोक्त फेकून घेतलं!"