शिमग्याची नवरी

"हे तुमास्नी खरं वाटायचं न्हाई," हौशीराम म्हणाला, "पन या मुंडावळ्या मी बांदल्या, तर आज सांजच्याला वाडीत दोन मढी पडतील."

शिदू हसला. तो नवरी झाला होता. अंगावर हौशीरामाच्या बायकोचं, गंगी मावशीचं, हिरवं लुगडं, ओठावर मिसरूड तसंच. शेजारी गोविंदा फेटा बांधून नवरदेव झाला होता. लोहगडवाडीत धुळवडीला अशी खोटी वरात निघायची. दोन गडी, एक हलगी आणि मागं सगळी वाडी. उन्हं कलली की होळीच्या राखेपाशी नवरीनं लुगडं फेडायचं, आतली खाकी चड्डी दाखवायची. लोक पोट धरून हसायचे. लग्न मोडलं.

गेल्या साली लग्न मोडलं, तरी गोविंदानं शिदूचा हात सोडला नव्हता. ते हौशीरामानं पाहिलं होतं. इतरांनीही पाहिलं होतं.

बाहेर गवताच्या जाळावर हलगी शेकत होती. धोंडिबा ओरडला, "आटपा रं! औंदा नवरीचं लुगडं आमी फेडनार हाय."

चारपाच जण हसले. ते हसणं शिमग्याचं नव्हतं.

"आबा, गेल्या साली तुमी बिबट्याला तंबाकू मळून दिलीवती," गोविंदा म्हणाला. "त्याच्याच भावकीतली गोष्ट का ही?"

एरवी हौशीरामानं बिबट्याची सात पिढ्यांची नावं सांगितली असती. आज त्यानं दार लोटून घेतलं.

"वीस वर्सं झाली," तो म्हणाला. "गेणू म्हनून पोरगा नवरी हुता. राखेपाशी आला आन म्हनला, लुगडं फेडनार न्हाई. लोक हसले. त्यानं पुन्ना तेच सांगितलं. नवरदेवानं त्याचा हात धरलेला, तो बी सोडंना. मग हलगी थांबली. ज्यांनी सकाळी हळद लावली, तेच धोंडे हुडकाय लागले. वाडीला सोंग लय आवडतं, पोरांनो. सोंग न्हाई म्हनून कळलं, की तीच वाडी खाली वाकती."

चुलीपाशी गंगी भाकरी थापत होती. तिचा हात थांबला.

"दोघं गडावर पळाले. विंचूकाट्याच्या माचीवर, पार टोकाला गेले. मुंडावळ्या बांदलेल्या, हातात हात. तशीच उडी टाकली. लोकांनी खाली दोन दिस हुडकलं, बांगडीचा तुकडा बी घावला न्हाई. तवापास्नं धुळवडीला त्या दरीतनं हलगी वाजती. ज्या जोडीला ती ऐकू येती, ती जोडी सांज बगत न्हाई."

त्यानं कानामागं हात धरला. "ऐका."

हलगी वाजली. ती दारातलीच होती, पण शिदू दचकला आणि त्यानं गोविंदाचा हात धरला.

"नवरदेव कोन हुता?" त्यानं विचारलं.

"मेलेल्याचं नाव घिऊ नये."

दारावर थाप पडली. कडी हादरली.

"लुगडं बदल," हौशीराम हळूच म्हणाला. "पोराला ताप भरलाय म्हनून मी सांगतो. गोविंदा, तू मागच्या दारानं जा. आन पुन्ना या पोराच्या शेजारी उभा ऱ्हाऊ नगं. जगायचं आसंल तर असंच जगावं लागतं."

गोविंदानं शिदूचा हात सोडला. शिदूची बोटं निऱ्यांशी गेली.

गंगी उठली. पिठाचे हात तिनं पदराला पुसले. भिंतीशी पत्र्याची पेटी होती, तिचं झाकण उघडलं, आणि बाहेरच्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात ती नवऱ्याला म्हणाली,

"उडी कुनी बी मारली न्हाई. गेणू मळवलीच्या फलाटावर तुमची वाट बगत बसला हुता. तीन गाड्या सोडल्या त्यानं, चौथीत एकलाच गेला. आन नवरदेवाच्या मुंडावळ्या या हितं हायत. दर शिमग्याला मीच त्यास्नी ऊन दावते."