गायिका हवी आहे

“शनिवारच्या कार्यक्रमाआधी करारावर गायिकेची सही आणा, नाहीतर हे गाणं मैदानात वाजणार नाही,” वकीलबाई फोनवर म्हणाल्या. त्या गाण्याच्या कंपनीच्या वकील होत्या आणि उगाच बोलायची त्यांना सवय नव्हती.

भिंगरीनं फोन ठेवला आणि खोलीत दोन येरझाऱ्या घातल्या. एका जागी बूड टेकत नाही म्हणून थोरल्या भावानं लहानपणीच तिला हे नाव ठेवलं होतं, आणि सव्विसाव्या वर्षीही ते तिला शोभत होतं. खाली भावाचं सायकल दुरुस्तीचं दुकान, वर तिची खोली. एक कॉम्प्युटर, दोन स्पीकर, एक रेकॉर्ड प्लेअर. या खोलीत तिनं केलेल्या गाण्यावर महिनाभर सगळं शहर नाचत होतं. रस्त्यावरून जाणाऱ्या गाडीतून ते ऐकू आलं की अजूनही तिच्या अंगावर काटा यायचा.

ठेका तिचा होता, पण गाण्याचा जीव दुसऱ्याच्या गळ्यात होता. मोडीच्या सामानात तिला एक लहान तबकडी मिळाली होती. लेबल ओल लागून निघून गेलेलं, नावगाव काही नाही. लहान तबकड्या लावतात त्याच जलद वेगानं तिनं ती लावली आणि जागच्या जागी उभी राहिली. जुन्या अमेरिकन सोल गाण्यांत गातात तसं कुणीतरी पोटातून, आर्जवानं गात होतं, “ये ना, दार उघडंच आहे.” उंच, थरथरता, कडांना जरा फाटलेला आवाज. तिनं त्यातले चार तुकडे कापले, मागेपुढे जोडले आणि त्याखाली ठेका दिला.

“आता कुठे शोधू या बाईला?” तिनं भावाला विचारलं.

“चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीची रेकॉर्ड. म्हातारी झाली असेल. असली तर.”

“असणारच.”

रेडिओवरून आवाहन झालं. तीन दिवसांत अकरा जणी जिना चढून आल्या. एकीनं गाण्याच्या ओळी तळहातावर लिहून आणल्या होत्या. दुसरी तर रेकॉर्डिंगच्या वेळी पाळण्यात असणार, हे भावानं तिच्या तोंडावरच सांगितलं. प्रत्येकीच्या पाठीमागे दार लावताना भिंगरीचा चेहरा आणखी थोडा उतरायचा.

शुक्रवारी सकाळी बारावी आली. सत्तरीची, ताठ कण्याची, निवृत्त नर्स. जिना चढून धापही लागली नव्हती.

“दुसरं कडवं तू घेतलंच नाहीस,” बसता बसता ती म्हणाली, आणि ते कडवं तिनं बोलून दाखवलं. शब्द न् शब्द बरोबर. भिंगरीखेरीज ते कुणी ऐकलेलं असणं शक्यच नव्हतं.

भिंगरी ताडकन उठली. “आजी, रेकॉर्डिंग आठवतंय तुम्हाला?”

“न आठवायला काय झालं? शाळेची रिकामी खोली होती. भिंतींना गाद्या टेकवल्या होत्या. दोनदा चुकलं. तिसऱ्यांदा ट्रम्पेटवाल्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तेव्हा कळलं, जमलं म्हणून. शंभर तबकड्या काढल्या, कुत्रं विचारेना. मग लागलो आपापल्या पोटापाण्याला.”

“आणि गाणं सुटलं?”

“सुटतंय कसलं. रोज सकाळी स्वयंपाकघरात चालूच असतं. पण बाळ, तुझ्या गाण्यात तो आवाज फार घाईत आहे. मी तेच सांगायला...”

“नाचाचं गाणं ना आजी, घाई हवीच.” भिंगरीनं तिचे दोन्ही हात धरले. “उद्या मैदानात वीस हजार माणसं असतील. मी मध्येच ठेका बंद करणार. सगळं शांत. आणि मग तोच आवाज, खराखुरा, त्यांच्यासमोर. जमेल?”

म्हातारीच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं.

“जमेल. आवाज अजून जसाच्या तसा आहे.”

भावानं करारनामा पुढे केला. म्हातारीनं चष्मा लावून तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. “यात एक शब्द चुकलाय.”

“तुम्हीच करा ना दुरुस्त,” भिंगरी म्हणाली. ती एव्हाना वकीलबाईंना फोन लावत होती.

“मग घरी नेते. उद्या सहीसकट आणते.”

दुसऱ्या दिवशी उन्हं कलताना मैदान फुलून गेलं. भिंगरी सकाळपासून जेवली नव्हती आणि तिला भूकही नव्हती. म्हातारी वेळेवर आली. सोबत तिचा नवरा होता, उंच, जरा वाकलेला, इस्त्रीचा कोट घातलेला. भिंगरीनं करारनाम्याच्या तळाशी सही आहे एवढं पाहिलं, कागद भावाच्या हातात कोंबला आणि म्हाताऱ्यासाठी रंगमंचाच्या कडेला खुर्ची ओढली.

“आजोबा, इथे बसा. इथून आजी छान दिसतील.”

तो कोट सावरून बसला.

गाणं सुरू झालं आणि वीस हजार माणसं एकदम उसळली. पायाखालच्या फळ्या हादरत होत्या. भिंगरीचे हात बटणांवरून पळत होते, तिला हसू आवरत नव्हतं. मग तिनं ठेका तोडला. मैदान चिडीचूप झालं.

“महिनाभर तुम्ही ज्या आवाजावर नाचताय,” ती माईकवर म्हणाली, आणि वाक्य अर्धवटच ठेवून तिनं माईक सरळ म्हातारीच्या हातात दिला.

म्हातारी माईक घेऊन कडेच्या खुर्चीपाशी गेली.

“अहो, उठा,” ती नवऱ्याला म्हणाली. “तेव्हा गायलात तसंच सावकाश गा. या पोरीनं तबकडी भलत्या वेगानं फिरवून तुमच्या आवाजाची पार बाई केलीय.”