माठाचे गुडघे

इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षेत ‘ए’ ग्रेड आपलीच, असं आकांक्षा भोईवाड्यातल्या क्लासभर सांगत सुटली होती. तिची नजर होतीच तशी तयार.

सुनेत्राबाईंची शिकवायची तऱ्हा वेगळी. वस्तूंवर चादर टाकायची आणि म्हणायचं, “नाव विसरा, उठाव बघा. वस्तू स्वतःहून ओळख देते.”

त्या दिवशी चादरीखाली तीन वस्तू होत्या. आकांक्षाने एका दमात किटली काढली, पालथी टोपली काढली. मधल्या उंचवट्यापाशी मात्र तिचा हात आपसूक वळला आणि कागदावर गुडघे पोटाशी घेऊन, मान खाली घालून बसलेलं एक पोर उतरलं.

शेजारचा धनेश खो खो हसला. “अगं ए, माठ आहे तो!”

“माठाला गुडघे असतात का रे, माठ्या? बाई, चादर काढाच. पैज!”

बाईंनी चादर ओढली. किटली, टोपली आणि मध्ये माठ. सगळा वर्ग फिदीफिदी हसला.

“घाई नडते गं तुला,” म्हणत बाईंनी चादर कोपऱ्यातल्या रिकाम्या स्टुलावर टाकली आणि त्या फळ्याकडे वळल्या.

चादर सपाट बसली नाही. तेच गुडघे होते, तेच खांदे. फक्त मान आता वर होती, आकांक्षाच्या दिशेने.

“काय मॅडम, माठच ना?” धनेशने चिडवलं.

तिने खोडरबर घट्ट धरला. “हो रे बाबा, माठच होता.”

चादरीने हळूच मान हलवली, नाही म्हणून.