उसवलेला टाका

अँडीजच्या त्या वस्तीत नवरदेवाने अल्पाकाच्या लोकरीची कानटोपी स्वतः विणायची आणि मुलीच्या बापाने सगळ्यांदेखत तिच्यात पाणी ओतायचं, अशी रीत. थेंब गळला की लग्न मोडलं.

नवरदेव एव्हारिस्तो दीडशे अल्पाकांचा धनी होता, पण नवरी तिओदोसियाला तो नको होता. पहिल्या बायकोचा हात त्यानेच मोडला, हे अख्ख्या वस्तीला ठाऊक होतं आणि अख्खी वस्ती मूग गिळून बसली होती. म्हणून आदल्या दुपारी टोपी घरी आली, तेव्हा तिने आतून एक टाका हळूच उसवून ठेवला.

आता बापाने पाण्याचं मडकं उचललं आणि ती एक पाऊल मागे सरली. उसवलेलं कुणाच्या लक्षात आलं तर?

"मागे काय सरतेस गं? जावई नुसता जनावरं राखणारा नाही, विणकर आहे विणकर!" बाप हसला.

टोपी काठोकाठ भरली. ती खालच्या मातीकडे बघत राहिली. माती कोरडीच राहिली. लोकांनी एकच गलका केला.

आई तिच्या कानाशी पुटपुटली, "गप उभी राहा. सकाळीच सांधला मी तो टाका."

आई पुढे म्हणाली, "माझ्या लग्नात मी उसवलेला तुझ्या आजीने सांधला होता."