सहा फुटांवरून

भिंतीकडे तोंड करून अण्णासाहेब ताठ उभे राहिले. मागे सहा फुटांवर डॉक्टर मॅडम. दाराजवळच्या स्टुलावर भिमाबाई, नवऱ्याच्या रिपोर्टांची पिशवी मांडीवर घेऊन.

"मी मागून एकेक शब्द बोलेन, काका," मॅडमनी आधी समोर उभं राहून समजावलं होतं. "तुम्ही तो मोठ्यानं परत म्हणायचा. वळून बघायचं नाही."

"नाही बघणार, मॅडम," अण्णासाहेब म्हणाले होते.

डोळे पास, छाती पास, साखर पास. आता कान तेवढे राहिले होते. कान झाले की सर्टिफिकेट, आणि सर्टिफिकेट आलं की बारामतीला विमान शिकायला नाव पक्कं. चाकणच्या कारखान्यात, पत्रे ठोकणाऱ्या प्रेस शॉपमध्ये तीस वर्षं घासलेला माणूस अठ्ठावन्नाव्या वर्षी पायलटचं लायसन्स काढायला निघाला होता. नोकरीसाठी नव्हे हो, नुसती हौस! सोसायटीतले लोक हसले. अण्णासाहेबांनी डिक्शनरी शेजारी ठेवून हवामानाचं जाडजूड इंग्रजी पुस्तक वाचून काढलं, तेव्हा हसणारे गप्प झाले.

भिमाबाई मात्र मनात एकच घोकत होती. नापास होऊ दे. उपाशीपोटी रक्त द्यायचं, चक्करबिक्कर आली तर सोबत कुणी असावं, म्हणून ती चिंचवडच्या या दवाखान्यात आली होती, एवढंच. विमान म्हटलं की तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

त्याला कारण होतं. सहा वर्षांपूर्वी लेकीनं, मैत्री तिचं नाव, आपल्या मनानं लग्न ठरवलं. आठ दिवस घरात कुणी कुणाशी धड बोललं नाही. नवव्या दिवशी पोरगी बॅग घेऊन दारात उभी राहिली. अण्णासाहेब गॅलरीत पाठमोरे, लोहगावच्या विमानतळाकडे निघालेलं विमान बघत. "पप्पा, तुम्ही नको म्हणालात तर नाही जाणार मी," मैत्री म्हणाली. एकदा नाही, तीनदा. बाप वळला नाही. डोळे पुसत पोरगी जिना उतरली ती उतरलीच. लेकीपेक्षा विमान मोठं झालं या माणसाला!

बरं, एवढ्यावर भागलं नाही. चार दिवसांनी हाच माणूस म्हणतो, "सांगून तरी जायचं होतं पोरीनं." भिमाबाई भाकरी थापत होती. "तीनदा विचारलं की तुम्हाला," ती तव्याकडे बघत दात खाऊन म्हणाली. उत्तर नाही. केवढा हा निगरगट्टपणा! तेव्हापासून त्यांच्याकडे तोंड करून ती 'जेवायला या'च्या पलीकडे बोललीच नव्हती.

"बावीस," मॅडम म्हणाल्या.

अण्णासाहेब गप्प.

"कागद. सदुसष्ट."

अण्णासाहेब गप्पच.

"अहो, बोला की!" भिमाबाईला राहवेना. "निदान लोकांपुढं तरी हट्टीपणा करू नका."

मॅडमनी तिला हातानं थांबवलं. त्या दोन पावलं पुढे झाल्या आणि पुन्हा तेच शब्द बोलल्या. मग आणखी एक पाऊल. मग फॉर्मवर काहीतरी लिहून त्या भिमाबाईकडे वळल्या.

"काकू, यांना ऐकू येत नाही."

"काहीतरीच! न्हाई हो मॅडम. आत्ता तुमच्याशी बोलले ना? सोसायटीच्या बाकड्यावर तास तास गप्पा हाणतात."

"समोर बसून ना?"

भिमाबाईनं मान डोलावली.

"प्रेस शॉपच्या धडधडीत कुणाचं कुणाला ऐकू येत नाही. माणसं ओठ बघून बोलायला शिकतात. कान हळूहळू जातात, डोळे त्यांचं काम उचलतात. काकांचं काकांनाही कळलं नसेल. दहा-बारा वर्षं तरी चाललं असेल हे." मॅडमचा आवाज उतरला. "विमानात रेडिओवरून बोलणाऱ्याचे ओठ कुठून दिसणार? मला नाही देता येणार सर्टिफिकेट."

हे सगळं अण्णासाहेबांच्या पाठीमागे चाललं होतं. ते तसेच उभे होते, वर्गात साहेब तपासणीला आल्यावर पोरं उभी राहतात तसे, छाती पुढे काढून.

दहा-बारा वर्षं. भिमाबाई मनात मागं मागं मोजत गेली. कुकरच्या चार शिट्ट्या झाल्या तरी ढिम्म बसणारा माणूस. फोन आला की 'तूच बोल' म्हणून तिच्या हातात कोंबणारा माणूस. घुम्या, आळशी, दगड, काय काय नावं ठेवली तिनं! आणि जे खरं सांगायचं ते दरवेळी पाठ फिरवून सांगितलं. नापास होऊ दे म्हणत होतीस ना? घे, झाला.

ती उठली. मांडीवरची पिशवी खाली पडली, तिचं भान नव्हतं. ती नवऱ्याच्या मागे जाऊन उभी राहिली.

"अहो," ती म्हणाली. "मैत्री विचारत होती हो तुम्हाला. थांब म्हणाला असतात तर थांबली असती. नुसतं वळून बघितलं असतंत, तरी थांबली असती पोरगी."

मॅडमनी नजर खाली घातली.

अण्णासाहेबांनी घसा खाकरला. मान जराही न वळवता, भिंतीकडे बघत ते अदबीनं म्हणाले, "मॅडम, मी तयार आहे. करा की सुरू."