पुलीची भरलेली पिशवी

"अम्मा, याला मी खेळातून काढूनच टाकते," भामा म्हणाली आणि तिनं माउसचा बाण बटणावर नेला.

पडद्यावरच्या भुयारात राजाचा मुकुट लखलखत होता. तो घ्यायला पिशवीत एक खण रिकामा हवा. भामाच्या पिशवीत औषधं, दोर, मशाली. त्यातलं काहीच टाकण्यासारखं नाही. तिचा जोडीदार कुठूनतरी ऑनलाइन खेळणारा पुली, म्हणजे तमिळमध्ये वाघ. त्याच्या पिशवीत फाटकं जाळं, फुटकी घागर आणि कुणा गावकरणीच्या तीन पळ्या. मुकुटाची मोठी मोहीम सोडून हा महिनाभर बारीकसारीक कामं अंगावर घेत होता. कुणाची बकरी शोध, कुणाच्या दारी दिवा लाव.

शेजारी शेषम्मा शेवग्याचा पाला खुडत बसल्या होत्या. लेकीचा खेळ म्हणजे त्यांची रोजची मालिका.

"भोगीला आपण जुनंपानं म्हणून जाळतो, तें सगळं हा गोळा करतो," त्या म्हणाल्या. "दुसऱ्याच्या पळ्या वाहतोय मेला. बायकोनं घराबाहेर काढलेला असणार."

"माइक चालू आहे, अम्मा."

"असू दे की गे. आपली मराठी इथं तंजावरातच कितीजणांना कळते? या वाघाला काय कळणार?"

तेही खरंच. पुली आजवर तमिळमधला एकच शब्द बोलला होता, "सरि." बरं.

भामानं त्याला तमिळमध्ये शेवटचं बजावलं: पळ्या टाक, मुकुट घे, नाहीतर बाहेर हो.

 पलीकडून घसा खाकरल्याचा आवाज.

"टाकतो, अक्का." मराठीत. त्यांच्याच मराठीत, तोच हेल, तेच हेलकावे. "पण मुकुट घेतला की खेळ संपतो. म्हणून तर पळ्या वाहत होतो."

शेषम्मांच्या बोटांतली काडी तिथंच थांबली.

"मी इकडे फिनलंडात असतो. घर तंजावरजवळच्या ओरत्तनाडचं. आमची अम्मा गेली, त्यानंतर मला असं कुणी बोललंच नाही. मामींना, तुमच्या अम्मांना म्हणावं, आणखी थोडं बोला."

भामाचे कान तापले. तिनं माइक बंद करायला हात नेला. शेषम्मांनी तो हात हलकेच बाजूला सारला, मांडीवरचा पाला झटकला आणि पडद्याजवळ सरकल्या.

"महिनाभर फुकट ऐकत बसलास," त्या म्हणाल्या, "आणि तोंड उघडायला आज मुहूर्त लागला होय रे, मेल्या?"