राखलेला पडदा

खिडकीतून आलेले ऊन आधी भिंतीवर थबकले, मग हुकाला टांगलेल्या पिशवीत शिरले, आणि आतल्या पाण्याचा एक थरथरता कवडसा छतावर उमटला. मुलगा बराच वेळ त्याकडेच पाहत राहिला. नजर खाली आली की वडिलांचे सुजलेले पाय दिसत. रात्रभर ते उशांना टेकून बसूनच होते. आडवे झाले की श्वास अडे.

मूत्रपिंडे थकल्यापासून वडिलांच्या पोटात नळीवाटे औषधी पाणी भरायचे आणि काही तासांनी काढून घ्यायचे, हे काम मुलाचे होते. त्या पाण्यातली साखर पोटातल्या नाजूक पडद्यातून अंगातले जादा पाणी ओढून आणते. पण तीच साखर तो पडदा हळूहळू जाळते, हे कळल्यापासून तो कमी साखरेची, सौम्य पिशवीच लावी. यंत्रावरचे डायलिसिस वडिलांच्या हृदयाला सोसणार नव्हते. पडदा टिकला तरच वडील टिकणार होते. सूज चढली की जास्त साखरेची पिशवी लावा, असे परिचारिकेने बजावले होते. त्याने मान डोलावली आणि त्या पिशव्या कपाटात मागे सारल्या. हल्ली जेवढे पाणी घालावे तेवढेच परत येई. पाणी सौम्य आहे म्हणूनच, अशी तो स्वतःची समजूत घाली.

“पडदा कोणासाठी राखतोयस रे?” वडिलांनी धापा टाकत विचारले. “तुझी आई नव्या चादरी पाहुण्यांसाठी राखायची. घडीतच विरल्या सगळ्या. काढ ती जहाल पिशवी.”

मुलगा उठला. हात धुतले, मास्क बांधला, पिशवी कोमट केली, नळी जोडली. दुपारपर्यंत पाणी पोटात ठेवायचे होते. आता तरी घोटभर चहा जास्तीचा मिळेल, नाहीतर तुझ्या राज्यात घसा ओला करायलाही अर्ज करावा लागतो, असे वडील मध्येच पुटपुटले. तो हसला.

मग त्याने नळीची कळ सोडली. पाणी खालच्या पिशवीत उतरू लागले. धार बारीक झाली, थांबली. त्याने वडिलांना कूस बदलायला लावली, नळी कुठे मुडपली तर नाही ना, हे बोटांनी चाचपून पाहिले. पिशवी वजनकाट्याला अडकवली.

“किती आलं?”

घातले होते तेवढेच आले होते. पडदा केव्हाच निकामी झाला होता.